डाव्या कप्प्यातला पांढरा ठिपका

२५ सप्टेंबर, गुरुवार

एमआयडीसीची सुट्टी, म्हणून आजचा नंबर लावला. चिंचवडला, पहिली सोनोग्राफी. सात आठवडे तीन दिवस. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, हे आज कळलं. म्हणजे पहिले दोन आठवडे मी गरोदर नसतानाच गरोदर होते. कंपनीत असा हिशेब कुणी दाखवला असता तर मीच त्याला उभा धरला असता.

आधी फॉर्म, आधार कार्ड. मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, म्हणून सही. भिंतीवर त्याचाच मोठा बोर्ड. मग बाटलीभर पाणी पिऊन, पाय आवळून, तासभर बाकावर. निलेश शेजारी मोबाइलमध्ये तोंड घालून. एकही व्हिडिओ पुढे सरकत नव्हता त्याचा.

डॉक्टर मॅडमनी पोटावर जेल ओतलं. गार. मला हसूच आलं. आठ वर्षं चाकणला मी दुसरं काय करते? पोलादाच्या ॲक्सलवर ग्रीस लावायचं, प्रोब ठेवायचा, आवाज आत सोडायचा, परत काय येतं ते स्क्रीनवर बघायचं. आत चीर असली की सरळ रेषेत मधेच खांब उभा राहतो. तपासायच्या वस्तूला आम्ही जॉब म्हणतो. आज जॉब मी. टेबलावर, पोट उघडं टाकून.

म्हटलं, "मॅडम, स्क्रीन जरा वळवता का?" वळवली.

काळी पिशवी. तिच्यात शेंगदाण्याएवढं काहीतरी पांढुरकं. आणि त्याच्या मधोमध लुकलुक. मी सवयीने बोलून गेले, "सिग्नल स्थिर नाहीये मॅडम, प्रोब हलतोय तुमचा."

त्या म्हणाल्या, "प्रोब नाही हलत. ते हृदय आहे."

आठ वर्षांत पहिल्यांदा जॉब आपणहून हलला. मी रडले. निलेशही रडला, पण नंतर जेलचा वास झोंबला म्हणाला.

लांबी १२ मिमी. ठोके १५१. नाव ठेवून टाकलं, बारामिमी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सासूबाईंना गावी फोन केला. नि.च्या वडिलांमागे त्या एकट्याच राहतात, चाकणच्या पुढे, घर सोडून येत नाहीत. त्यांना मी आईच म्हणते. मला वाटलं मुलगा का मुलगी असं आडून विचारतील, उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी एकच विचारलं.

"रंग कसा हाय गं?"

"आई, सोनोग्राफी ब्लॅक अँड व्हाइट असते. रंग नाही दिसत त्यात."

"न्हाई का? बरं बरं." फोन ठेवला. गोऱ्या नातवंडाची हौस असणार, दुसरं काय.

१० ऑक्टो., शुक्र.

कंपनीत सांगितलं. भोसले सर, ज्यांनी मला प्रोब धरायला शिकवलं, त्यांनी पहिल्यांदा एक्स-रे रूमच्या दाराकडे बोट केलं. "आजपासून त्या बाजूला फिरकायचं नाही." मग स्वतःच्या डब्यातला लाडू दिला. म्हणाले आवाजाचं काम बिनधास्त कर, जॉबला न दुखावता आतलं सांगणारी विद्या आहे ती. सरांना हे वाक्य फार आवडतं. मला आज पहिल्यांदा आवडलं.

उलट्या चालू. ग्रीसचा वास नको होतो.

३० ऑक्टो., गुरु.

दुसरी सोनोग्राफी. बारा आठवडे तीन दिवस. बारामिमी आता ६० मिमी! पाच आठवड्यांत पाचपट. नाव बदलायचं नाही.

यावेळी नाकाचं हाड आहे का आणि मानेमागे कातडीखाली पाणी किती, हे मोजायचं असतं. त्यासाठी बाळ सरळ आडवं, तोंड वर करून पडायला हवं. पडेना. पालथं, मग उड्या, मग आमच्याकडे पाठ. मॅडमनी पोट हलवून पाहिलं, मला कुशीवर वळवलं. शेवटी म्हणाल्या, "जा, जिना चढउतार करा, काहीतरी गोड खा, अर्ध्या तासाने या." मी आणि नि. खाली कोपऱ्यावर जिलबी खात उभे. म्हटलं, जॉब धरायच्या फिक्स्चरमध्ये बसत नाही म्हणून ऑपरेटरला जिलबी, हे आमच्या कंपनीत कधी सुरू होणार?

परत गेलो तर उताणं, एक हात कपाळावर. दुपारच्या जेवणानंतर नि. पडतो तस्संच. मॅडमसुद्धा हसल्या.

मानेमागचं पाणी १.२ मिमी, चांगलं. नाकाचं हाड दिसलं. मी तेवढ्यात बोटं मोजली, चार, अंगठा मागे असणार. सहा सेंटिमीटरच्या जिवाला बोटं! पोलादाला कधीच काही फुटत नाही. आपण घडवतो तेवढंच. हे मी न घडवता घडतंय, मी ॲक्सल तपासत असताना, बसमध्ये पेंगत असताना, उलट्या करतानासुद्धा.

रक्त पण दिलं. आठवड्यात रिपोर्ट.

८ नोव्हें., शनि.

रक्ताचा रिपोर्ट चांगला. धोका कमी.

पण घरात दुखवटा. बारामिमीचा पहिला फोटो पिवळट पडायला लागला होता, म्हणून नि.ने मोशीतल्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन लॅमिनेशन केलं. तो कागद तापला की काळा होतो, हे कुणाच्या बापाला ठाऊक? मशीनमधून बाहेर आला तो नुसता काळा चौकोन. चकचकीत, कडा गोल कापलेला. नि. दारात उभा, हातात तो चौकोन, दहावीचा निकाल लपवणाऱ्या मुलासारखा.

अपशकुन हा शब्द मनात आला, खोटं कशाला लिहू.

रविवारी आई आल्या (हे सोमवारी वरून लिहितेय). त्यांनी तो काळा चौकोन हातात घेतला, उजेडाकडे धरला, फिरवला.

"मग काय बिघडलं? पोटात काय उजेड असतो व्हय? आसंच दिसतं तिथं."

आणि पदरात गुंडाळून गावी घेऊन गेल्या. देव्हाऱ्यात ठेवलाय म्हणे.

८ डिसें., सोम.

सकाळी सव्वानऊ. तिसरा ॲक्सल. प्रोब ठेवलाय, स्क्रीनकडे डोळे, आणि बेंबीच्या खाली आतून टिचकी. गॅस वाटला. पुन्हा टिचकी.

मी पोलादाच्या आत ऐकत होते आणि माझ्या आतून कुणीतरी दार वाजवलं. ॲक्सलवर प्रोब तसाच धरून उभी राहिले. शेजारचा ट्रेनी म्हणाला, मॅडम काही सापडलं का? म्हटलं, हो.

१८ डिसें., गुरु.

एकोणीस आठवडे तीन दिवस. मोठी सोनोग्राफी, डोक्यापासून टाचेपर्यंत.

सुरुवात इतकी छान. मॅडम एकेक दाखवत होत्या, मी मनातल्या मनात चेकलिस्टवर टिक करत होते. मेंदूचे दोन भाग. ओठ सलग. पाठीचा कणा, मणी ओवल्यासारखा, एकही गळलेला नाही. जठरात पाणी, म्हणजे बाळ गिळतंय. मूत्राशय भरलेलं, म्हणजे किडनी चालू आहे. मांडीचं हाड ३० मिमी. ड्रॉइंग कुणी काढलं? एवढं सगळं, मापात, अंधारात, कुणी न बघता. माझा जीव छातीत मावत नव्हता.

मग हृदय. चार कप्पे, झडपा फडफडतायत. आणि डाव्या कप्प्यात एक पांढरा ठिपका. ठळक. हाडाइतका पांढरा.

मॅडम बोलायच्या आधी मी बोलले. "ते काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला दिसलं?"

दिसणार नाही? आठ वर्षं तेवढंच बघतेय. जिथे नको तिथून आवाज जोरात परत येतो, तिथे काहीतरी असतं.

मॅडमनी नीट सांगितलं. हृदयाच्या आतल्या स्नायूवर चुन्यासारखा बारीक साठा असतो, तो चमकतो. बऱ्याच बाळांत दिसतो. आधीची सोनोग्राफी चांगली, रक्त चांगलं, बाकी सगळं चांगलं, मग एकट्या ठिपक्याला काही अर्थ नसतो. "तरी तुमच्या मनाच्या समाधानासाठी तेविसाव्या आठवड्यात फक्त हृदयाची सोनोग्राफी करू. मीच करते."

सगळं ऐकलं. शब्दन् शब्द कळला. आणि जिना उतरताना डोक्यात एकच. अशा जॉबवर मी काय करते? लाल पट्टा मारते. रिजेक्ट.

२० डिसें., शनि.

नि.ने मोबाइलवर रात्रभर वाचलं. सकाळी डोळे लाल. "अगं, काही नसतं म्हणतायत सगळे."

"सगळे कोण?"

त्याने मोबाइल उलटा ठेवला.

काही निघालंच तर काय करायचं, हे दोघंही बोललो नाही. त्या वाक्याला वळसा घालून घरात फिरतोय.

आईंना सांगायचं नाही असं ठरलं.

२३ डिसें., मंगळ.

आज अकरा ॲक्सल रिजेक्ट केले. एका शिफ्टमध्ये. लाइन थांबली. प्रॉडक्शनवाले येऊन तणतणले, फोर्जिंगची अख्खी बॅच खराब आहे का वर्षा मॅडम?

भोसले सरांनी अकराच्या अकरा पुन्हा तपासले, दोन्ही बाजूंनी, दुसऱ्या अँगलचा प्रोब लावून. खरा खराब एक. बाकी दहा चांगले. जरा कुठे स्क्रीनवर चमकलं की मी लाल मारत सुटले होते.

ओरडले नाहीत. बाजूला घेऊन म्हणाले, "वर्षा, नव्या पोरांना तू काय शिकवतेस?"

"दिसलं ते लिहायचं. मग दुसऱ्या बाजूने बघायचं. मग ठरवायचं."

"मग?"

सगळं सांगितलं. ठिपका, डावा कप्पा, सगळं. ट्रॉलीवर बसून ढसाढसा. सर चष्मा पुसत उभे राहिले. म्हणाले, "पोलादात दोन्ही बाजूंनी दिसलं की बहुतेक दोषच असतो, कारण पोलाद सगळीकडे सारखं असतं. माणूस कुठे सारखा असतो?"

बरोबर आहे. पण मनात उतरत नाही.

३ जानेवारी, शनि.

हे लिहू का नको. लिहिते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सेक्शनमध्ये कुणी नव्हतं. मी मशीन चालू केलं. शर्ट वर केला, ग्रीस नको म्हणून घरून आणलेलं खोबरेल तेल पोटाला लावलं. प्रोब हातात. म्हणजे मी हे घरूनच ठरवून आले होते. तेलाची बाटली डब्यासोबत भरली होती.

पोटापासून बोटभर अंतरावर हात थांबला. थांबला का, सांगता येत नाही. तेवढ्यात दारात भोसले सर.

इतके चिडलेले मी त्यांना कधीच पाहिले नाहीत. "अगं बाई, वेड लागलंय का? मला तुरुंगात घालतेस?" मग आवाज खाली आणून, "ते मशीन पोलादासाठी लावलंय. पोलादात आवाज माणसाच्या शरीरापेक्षा चौपट पळतो. सगळी अंतरं चुकतील. जे नाही ते दिसेल, जे आहे ते भलतीकडे दिसेल. तुला माहीत नाही हे?"

मला माहीत नाही? ते कॅलिब्रेशन रोज सकाळी मीच करते. रजिस्टरवर सही माझी असते.

तेल पुसलं. घरी येईपर्यंत एकच विचार: गेले पंधरा दिवस मी हेच करतेय. मशीन न लावता. पोलादाच्या मापाने त्याला मोजतेय.

१४ जाने., बुध. संक्रांत

फर्स्ट शिफ्ट करून गावी. आईंनी तिळाच्या वड्या, गुळाच्या पोळ्या, सगळं तयार ठेवलेलं. देव्हाऱ्यात तो काळा चौकोन, वर हळदीकुंकू. मला बघवेना.

खाताना नि.च्या तोंडून निसटलं, उद्या चिंचवडला जायचंय, सोनोग्राफी आहे.

"उद्या? करीच्या दिवशी?" आईंचा हात पोळीवरच थांबला. "करीला कुनी घराभाहेर पडतं व्हय? परवा जावा की."

"आई, सुट्टी गुरुवारीच असते."

"मग पुढच्या गुरवारी."

पुढचा गुरुवार मला परवडणार नव्हता. आणखी आठ दिवस नाहीच काढता येणार. मी सांगून टाकलं. हृदयात ठिपका आहे.

बराच वेळ त्या पोळीचे तुकडे करत राहिल्या. खात नव्हत्या. मग बोलल्या ते नि.लासुद्धा नवीन होतं. नि.च्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. बारा दिवस होता.

"दिसायला येकदम झ्याक. वजनाला भरलेला. तिसऱ्या दिशी दूध पिताना व्हट निळं. मग नखं. मग सगळाच निळा. दवाखान्यात म्हनले काळीज बरोबर न्हाई. आत काय झालं हुतं, कुनी बघितलं? कुनाला दिसलं? बारसं बी न्हाई केलं. गेला."

मग मला लख्ख आठवलं. पहिल्याच दिवशी फोनवर, रंग कसा हाय गं. आणि मी गोऱ्या नातवाची हौस समजून मनात हसले होते. जमिनीत गडप व्हावं असं वाटलं.

नि. उठून बाहेर गेला. आईंचा हात मी हातात घेतला. दोघी तशाच बसून होतो. पोळ्या गार झाल्या.

१५ जाने., गुरु. करिदिन

सकाळी मोशीच्या घराची बेल. दारात आई! पहिल्या बसने, एकट्या, हातात पिशवी.

नि. म्हणाला, "आई, कर आहे ना आज?"

"करीला नवं काम करू नये म्हनत्यात. ह्यात नवं काय हाय? काळीज कवाचं चालू हाय त्याचं."

चिंचवडला तिघं. मॅडमनी आईंना आत येऊ दिलं. आई चप्पल बाहेर काढून आत आल्या, देवळात आल्यासारख्या. मी टेबलावर, त्या माझ्या उशाशी, स्क्रीन दोघींना दिसेल अशी.

तेवीस आठवडे तीन दिवस. हृदय अख्ख्या स्क्रीनभर मोठं केलेलं. चार खोल्या. दोन दारं उघडतायत, मिटतायत. आईंनी तोंडावर पदर धरला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जिवंत माणसाचं काळीज पाहिलं. मीही. एवढं मोठं, एवढं स्पष्ट. आम्हाला झोप लागली तरी ते थांबत नाही. सप्टेंबरपासून एकही सुट्टी नाही.

मग मॅडमनी बटण दाबलं आणि रंग आले. एक खोली लाल. दुसरीकडे निळं. लाल, निळं, लाल, निळं.

आई किंचाळल्याच. "निळं! निळं झालं बाई! वर्षे, निळं!"

माझा हात त्यांनी इतका आवळला की बांगडी वाढली. मॅडम दचकल्या, त्यांना काही कळेना. मी पडल्या पडल्या एका वाक्यात सांगितलं, यांचं पहिलं बाळ निळं पडून गेलं.

मॅडमनी प्रोब बाजूला ठेवला. खुर्ची वळवली. आईंच्या डोळ्यांत बघून, सावकाश बोलल्या. "आजी, हा रंग रक्ताचा नाही. मशीनचा आहे. रक्त आपल्याकडे येताना दिसलं की मशीन लाल दाखवतं, आपल्यापासून लांब जाताना दिसलं की निळं. येणारं लाल, जाणारं निळं. दोन्ही पाहिजेत. निळं दिसलंच नसतं तर मी घाबरले असते."

आईंना पटायला वेळ लागला. त्यांनी पुन्हा विचारलं. मॅडमनी पुन्हा सांगितलं, तितक्याच सावकाश. मग प्रोब परत ठेवला आणि आईंना बोटाने दाखवत गेल्या, हे आलं, हे गेलं. थोड्या वेळाने आई त्यांच्याबरोबर म्हणायला लागल्या. "आलं. गेलं. आलं. गेलं." हलक्या आवाजात, जात्यावर म्हणावं तसं. डोळ्यांतून धार लागलेली.

मी ठिपका विसरूनच गेले होते! मॅडमनीच दाखवला. आहे तिथेच. दोन मिमी. हृदयाबरोबर वरखाली होतोय. चार कप्पे, झडपा, मोठ्या रक्तवाहिन्या, ठोके, सगळं व्यवस्थित.

निघताना मी म्हटलं, "मॅडम, मग एकदाचं ओके लिहा ना."

"तसं नाही लिहिता येत हो. आज जेवढं दिसलं तेवढं नीट आहे. त्याच्यापुढे कुणालाच लिहिता येत नाही."

रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात तेच. प्रत्येक दोष सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. आधीच्या तीनही रिपोर्टवर ते वाक्य होतं. कधी वाचलं नव्हतं. आमच्या रिपोर्टखालीही असतं, ॲक्सलसाठी. तेसुद्धा मी टाइप करते, वाचत नाही.

घरी येताना रिक्षात आई म्हणाल्या, "माझ्या पोराच्या टायमाला हे आसतं तर..."

रात्री बारामिमी खूप नाचला. का नाचली. जे असेल ते.

वरचं वाचलं आत्ता. महिनाभरात हे नाव एकदाही लिहिलं नव्हतं मी.

१६ फेब्रु., सोम.

सातवा महिना. कंपनीत मुलींनी डोहाळजेवण केलं, कँटीनमध्ये. भोसले सरांनी फुलांची वाडी भरायला ॲक्सलची रिकामी ट्रॉली सजवून आणली. तिच्यावर बसवून सेक्शनभर फिरवलं मला. प्रॉडक्शनवाले म्हणाले, मॅडम, बॅच पास का?

बारामिमीला उचकी लागते आता. संध्याकाळी साधारण सहाला. पोट टकटक उडतं.

२६ मार्च, गुरु.

तेहेतीस आठवडे तीन दिवस. डोकं खाली. वजन अंदाजे दोन किलो. पाणी चांगलं. वजन कसं काढतात विचारलं. डोकं, पोट, मांडीचं हाड मोजून हिशेबाने. वजनकाटा न लावता! दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं म्हणाल्या. पुष्कळ झालं. आम्हाला दहा टक्के चुकायची परवानगी असती तर.

चेहरा दिसला क्षणभर. ओठ हलत होते, चोखल्यासारखे. नाक नि.चंच, गरीब बिचारं.

मग मी विचारलं. ठिपका?

मॅडमनी बराच प्रयत्न केला. पाठ वर आली होती, फासळ्यांची सावली हृदयावर. "आज दिसत नाहीये. गेला असेल, शेवटी शेवटी बऱ्याचदा जातो. किंवा सावलीत असेल."

दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं. ट्रेनी लोकांना पहिल्या दिवशी मी हेच सांगते. आज पहिल्यांदा त्या वाक्याची भीती नाही वाटली. का, ते लिहिता येत नाहीये.

आईंना फोन केला. "दिसला न्हाई? बरं. आलं-गेलं चालू हाय ना?"

"चालू आहे."

"मग बास."

८ एप्रिल, बुध.

शेवटचा दिवस, उद्यापासून रजा. आमच्याकडे प्रत्येक इन्स्पेक्टरचा आपल्या नंबरचा शिक्का असतो. पास झालेल्या जॉबवर तो ठोकायचा, मग त्या जॉबची जबाबदारी जन्मभर आपली. माझा शिक्का भोसले सरांकडे जमा केला. रजिस्टर तपासून ते म्हणाले, "काही पेंडिंग?"

म्हटलं, "एक आहे सर."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग माझ्या पोटाकडे. रजिस्टर मिटलं, पेंडिंगचा रकाना कोरा ठेवून.

आठ वर्षांत निर्णय न लिहिता मी एकही जॉब सोडला नव्हता. घरी आले तर आई सामान घेऊन राहायला आल्यात, बाळंतपण होईपर्यंत. पिशवीतून पहिली वस्तू काढली तो काळा चौकोन. टीव्हीच्या वर भिंतीला टेकवून ठेवला, हळदीकुंकवासकट. आत काहीच दिसत नाही. मी उभी राहून कितीतरी वेळ बघत होते, आणि यावेळी बघवत होतं.

सहा वाजले. उचकी सुरू झाली.